न पाहायचा आलेख

५ जानेवारी

आज मॅडमनी मला श्वास दिले.

म्हणजे दिला एक फोल्डर. त्याच्या पोटात साठेक फायली. पण प्रत्येक फाईल म्हणजे एक बाळ आहे: दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं. बाळाच्या छातीला लावलेल्या यंत्राने त्याचा एकेक श्वास टिपून ठेवला आहे. मी पहिली फाईल उघडून आलेख काढला, तर पडद्यावर एक रेघ वर-खाली, वर-खाली करत पळायला लागली. मधेच ती सपाट झाली. इतकी लहान बाळं श्वास घ्यायचं मधूनमधून विसरतात. काही सेकंदच. मग कुणीतरी आठवण करून दिल्यासारखी रेघ उसळी घेते. ती सपाट झाली तेव्हा मी माऊसवरचा हातच काढून घेतला, जणू माझ्या हातून काही बिघडलं.

इतकी वर्षं मी सरासऱ्या काढल्या. त्या कशाच्या काढतेय, ते आज पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं.

प्रश्न साधा आहे. निम्म्या बाळांच्या पेटीत छोट्या स्पीकरवर त्यांच्या आईचा आवाज लावला होता. निम्म्यांच्या पेटीत स्पीकर तसाच, पण मुका. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आईचा आवाज कानावर पडला तर बाळ श्वास घ्यायला कमी विसरतं का?

कोणतं बाळ कोणत्या गटात, ते फक्त रुग्णालयाच्या औषध विभागाच्या प्रमुखांना माहीत आहे. मॅडमनाही नाही. आमच्याकडची रीतच तशी आहे. हिशेब कसा करायचा ते आधी ठरवून सगळ्यांसमोर मांडायचं, मग गट उघडायचे, आणि उघडल्यावर ठरलेल्यातलं अक्षरही बदलायचं नाही.

"आपण लबाड असतो," मॅडम म्हणाल्या. "वाईट नसतो, लबाड असतो. हवं ते दिसेपर्यंत बघत राहतो. म्हणून डोळ्यांवर पट्टी."

मार्चमध्ये प्रगती समिती. हे काम घेऊनच मला त्यांच्यापुढे उभं राहायचं आहे. समितीने मान डोलावली तर पीएच.डी. पक्की. नाही डोलावली तर बॅग भरायची.

८ जानेवारी

शेजारच्या टेबलावर जो बसतो तो माझ्यापेक्षा एक वर्षाने पुढे आहे. त्याला सगळे दशांश म्हणतात. आज त्याला विचारलं, "चहा घेणार?" तर म्हणाला, "शून्य पूर्णांक सात पाच कप." मी खरंच पाऊण कप आणला. त्याने कपात वाकून बघितलं आणि म्हणाला, "चूकभूल द्यावी घ्यावी, पण हा शून्य पूर्णांक सहा आहे."

संध्याकाळी आईचा रोजचा फोन. ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर आहे, हॉटेलांच्या चादरी असतात. सुट्टी झाली की तिथल्याच बाकावर बसून फोन लावते, मागे वाफेचा फुस्सफुस्स आवाज चालू असतो.

"जेवलीस?"

"अगं, सहा वाजलेत."

"मग दुपारचं विचारतेय. आज काय झालं माहितेय, एक उशीचा अभ्रा आला, त्यात आख्खा चष्मा. काडीसुद्धा वाकलेली नाही. आता तो माणूस चाचपडत असेल बिचारा. बाबा म्हणतायत, घालून बघ, तुला लागला तर लागला."

असं बराच वेळ. कामाचं एक वाक्य नाही. शेवटी तिला न्यायला आलेल्या बाबांनी फोन घेतला. बाबा लिफ्टची दुरुस्ती करतात आणि मला मास्तरीणबाई म्हणतात. "काय मास्तरीणबाई, बाळं मोजून झाली का?"

"बाळं नाहीत, त्यांचे श्वास."

"आत्ता गं बया! ते मोजायला कॉलेज लागतं?"

सकाळपासून डोकं धरलं होतं, ते नंतर उतरलं. दुसरा चहा घेतला त्याचा परिणाम असावा.

१९ जानेवारी

माझा आराखडा जवळजवळ तयार आहे. एकच गोष्ट राहिली आहे, पण कळीची: थांबा कशाला म्हणायचं? रेघ किती वेळ सपाट राहिली म्हणजे ते 'विसरणं'? फक्त लांब थांबे मोजायचे, की लहानसहानही? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मॅडम म्हणाल्या, "तूच ठरव. पंधरवडा आहे. ठरवलंस की मांडायचं, मांडलं की कुलूप."

मी ठरवायचं! आमच्या घरात टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा हेसुद्धा मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

२७ जानेवारी

दार लावून लिहितेय.

आज फायली नुसत्या तपासत होते. कुठे तार निसटली, कुठे बाळाला आंघोळीला काढलं, असल्या जागा शोधायच्या असतात. एका फाईलीत रेघ खूप मोठी करून पाहिली तर तिच्या अंगावर बारीक शहारा दिसला. ठरावीक अंतराने येणारा. पुढच्या फाईलीत नाही. त्याच्या पुढच्या फाईलीत आहे. सगळ्या पाहिल्या: साधारण निम्म्यांत शहारा आहे, निम्म्यांत नाही.

निम्म्या.

स्पीकर वाजत असेल तर त्याचा वीजप्रवाह शेजारच्या तारेत थोडा उतरतोच. मुका स्पीकर असला शहारा कुठून आणेल? म्हणजे शहाऱ्याची बाळं ती, ज्यांना आईचा आवाज ऐकू येत होता.

इथेच थांबायला हवं होतं. पण हात पुढे गेले. दोन ढीग केले, लहानमोठे सगळे थांबे मोजले, शेजारी शेजारी आलेख काढले.

शहाऱ्याच्या बाळांचे थांबे कमी आहेत. थोडेथोडके नाही, डोळ्यांना दिसावेत इतके कमी. लहान थांबे धरले तर फरक अंगावर येतो. फक्त लांब धरले तर जेमतेम.

आईच्या आवाजाने बाळ श्वास घ्यायला विसरत नाही. हे खरं आहे आणि या घटकेला साऱ्या जगात हे फक्त मला माहीत आहे. मॅडमना नाही, डॉक्टरांना नाही, त्या आयांना नाही. खोलीत दशांश की-बोर्ड बडवत होता, बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, आणि मी हे घेऊन खुर्चीत बसले होते. देवळाच्या आतल्या अंधारात डोळे सरावतात आणि एकदम समोर मूर्ती दिसते, तसं झालं.

आणि मग लक्षात आलं की थांबा कशाला म्हणायचं, हे अजून मी ठरवलेलं नाही.

२८ जानेवारी

आता काहीही ठरवलं तरी ते ठरवणं नाही. 'लहान धरा' म्हटलं, तर फरक मोठा दिसतो म्हणून म्हटलं असेल. 'लांबच धरा' म्हटलं, तर प्रामाणिक दिसावं म्हणून. डोळे मिटून नाणं उडवावं, तर नाणं पडल्यावर मला बरं वाटेल की वाईट, हे मला आधीच माहीत आहे.

कुणाला कळणार नाही. तसंही मी लहान थांबेच धरले असते, बहुतेक. बहुतेक! किती सोयीचा शब्द आहे हा. आमचं सगळं शास्त्र या एका शब्दाला शिस्त लावण्यासाठी आहे, आणि मी त्याच्याच आडोशाला उभी आहे.

मॅडमना सांगितलं तर काम हातचं जाईल. दीड महिन्यावर समिती. मग तिथे काय सांगणार, मी श्वास पाहिले?

आईने फोनवर आज शेजारणीच्या मांजरीला तीन पिल्लं झाल्याचं सांगितलं. एक पिल्लू सारखं बाबांच्या हत्यारांच्या पिशवीत जाऊन झोपतं आणि बाबा त्याला "उतर, ओव्हरलोड झालंय" म्हणतात. मी हूं हूं करत होते. "आवाज का बसलाय तुझा?" तिने विचारलं. "सर्दी," म्हटलं. ती पुन्हा मांजरीचंच सांगत बसली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

फोन ठेवला तेव्हा ठरलं होतं. उद्या सांगायचं. खिडकी उघडी होती, वाऱ्याने डोकं साफ झालं असावं.

२९ जानेवारी

"मॅडम, मला गट दिसले," मी दारातूनच म्हटलं.

त्यांनी हात वर केला. "पुढे बोलू नकोस. काय दिसलं ते मला अजिबात सांगायचं नाही. कुणालाच नाही. बस."

मी बसले. पाणी दिलं त्यांनी. समोरचे कागद बाजूला सारले.

"थांबा कशाला म्हणायचं, ते ठरवलं होतंस?"

"नाही."

"अरेरे." एवढंच म्हणाल्या, पण इतक्या मनापासून, की मला रडू आलं. "मग आता हे तुला करता येणार नाही. उरलेलं तो करेल, तुझ्या शेजारचा. तुझा आराखडा, त्याचे हात. गट उघडतील त्या दिवशी तू ये. तोवर त्याच्याशी या विषयावर शब्द नाही."

"आणि समिती?"

"समितीचं समितीच्या दिवशी."

मला वाटलं होतं, शाबास म्हणतील. म्हणाल्या नाहीत. मी निघाले तर त्यांनी उठून माझ्यासाठी दार उघडलं. त्या बाकी कुणासाठीही उठत नाहीत, पण आज बहुधा त्यांनाही बाहेर जायचं असेल.

२ फेब्रुवारी

धाकट्या भावाला सगळं सांगितलं. म्हणजे काय दिसलं ते सोडून सगळं. तो म्हणाला, "थांब ताई, समजून घेऊ दे. पेपरच्या आधी तुला उत्तरं सापडली, आणि ती तू स्वतःच्या पायांनी जाऊन बाईंना सांगितलीस?"

"उत्तरं नाही सांगितली. सापडली एवढंच सांगितलं."

"म्हणजे शिक्षाही घेतलीस आणि मार्कही नाही! धन्य आहेस. आमच्या मोबाईलच्या दुकानात हिशेबाला माणूस हवाय, मालकांशी बोलून ठेवू का?"

मी हसले. तो हसत नव्हता.

६ फेब्रुवारी

दशांशने आज टेबल फिरवून माझ्याकडे पाठ केली. "रागावू नकोस. पण तुझ्या चेहऱ्यावर निकाल लिहिलेला असतो. काल मी 'लहान थांबे' असं नुसतं पुटपुटलो तर तू पेन पाडलंस."

"मी काही बोललेय का?"

"तेच तर. तू बोलत नसलीस की फार ऐकू येतं."

मी ग्रंथालयात जाऊन बसायला लागले आहे.

ज्ञान असं असतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कळलं की मोकळं वाटतं. हे तर गर्भारपणासारखं आहे. जपून चालायचं, कुणाला धक्का लागू द्यायचा नाही. रस्त्यात एखादी बाई कडेवरच्या पोराशी काहीबाही बोलत चाललेली दिसली, की वाटतं, हिला थांबवून सांगावं: बोल, बोलत राहा, त्याचा उपयोग होतो, मी पाहिलंय.

नाही सांगितलं.

२६ फेब्रुवारी

आज गट उघडले. शांतपणे लिहायला हवं.

औषध विभागाचे प्रमुख आले. जाड भिंगांचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी गटांची फाईल दिली. दशांशने फक्त लांब थांबे धरायचे ठरवले होते, लहान थांब्यांची मोजणी दुसऱ्या क्रमांकावर. म्हणजे फरक जेमतेम येणार. पण लहान थांबे आहेतच, मी मनाला म्हटलं, तिथे दिसेल सगळ्यांना.

त्याने कळ दाबली.

लांब थांबे: दोन्ही गट सारखे. लहान थांबे: सारखे. एवढ्या बाळांवरून, आवाजाने फरक पडतो असं म्हणता येत नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "हे शक्य नाही." ती मी होते.

मॅडम वळल्या. "आता सांग. काय दिसलं होतं?"

मी सांगितलं. शहारा, स्पीकरचा प्रवाह, दोन ढीग. दशांशने तिथल्या तिथे शहाऱ्याची बाळं आणि आवाजाची बाळं समोरासमोर मांडली. काही संबंध नाही. शहाऱ्याच्या बाळांपैकी निम्म्यांना आवाज, निम्म्यांना मुका स्पीकर. मी पाहिलं होतं ते आईच्या आवाजाचं काहीच नव्हतं.

महिनाभर मी जे पोटाशी धरून चालले होते ते खोटं होतं. मला वाटलं होतं, लाज वाटेल. वाटलीही. पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं, ज्याला नाव सुचत नाही. इतकं खरं दिसणारं, इतकं सुंदर, माझ्या डोळ्यांसमोर, आणि नाही. मी गप्प राहून माझ्या मनासारखा आराखडा केला असता, तरी कळ दाबल्यावर हेच आलं असतं. सत्याला माझ्याकडून काहीच नको होतं.

"पण फरक तर होता," दशांश हळूच म्हणाला. "तुझ्या ढिगांत. तो कुठून आला?"

२७ फेब्रुवारी

सापडलं!

रात्रभर तळमळून सकाळीच फायली उघडल्या. आता मला मनाई नाही. प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर यंत्र स्वतःबद्दल चार ओळी लिहून ठेवतं. त्या कुणी वाचत नाही. मीही कधी वाचल्या नव्हत्या. यंत्रं दोन प्रकारची आहेत, जुनी आणि नवी. शहारा सगळ्या जुन्यांत. नव्यांत एकातही नाही.

जुनं यंत्र रेघ गुळगुळीत करून दाखवतं. तसं करताना लहान थांबे गिळून टाकतं. बाळ श्वास घ्यायला विसरतं, आणि यंत्र ते विसरणं विसरतं.

धावत मॅडमकडे गेले. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. चष्मा काढून पाहिले, लावून पाहिले.

"अशी यंत्रं आणखी किती ठिकाणी लावलेली असतील?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"बहुतेक कुणालाच नाही," मी म्हटलं, आणि तो शब्द पहिल्यांदाच मला लपायची जागा वाटला नाही. दार वाटला.

११ मार्च

उद्या समिती. बोलायचं चार वेळा म्हणून पाहिलं, चारही वेळा पहिल्याच वाक्याला अडखळले.

आईचा फोन आला. समितीबद्दल तिने काहीच विचारलं नाही. चष्म्याचा मालक सापडला म्हणे, हॉटेलातून स्वतः लाँड्रीत आला. तिने चष्मा पुसून त्याच्या हातात दिला. "घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, अरे, तुम्ही तर माझ्या बहिणीसारख्या दिसता. म्हटलं, चष्मा नीट बसला नसेल." मग स्वतःच हसत सुटली. मग वाफ, मग कुणाच्यातरी चादरी, मग "पांघरूण घेऊन झोप."

त्यानंतर एकदा म्हणून पाहिलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ आलं. पाचव्यांदा जमतंच, सरावाचा भाग आहे.

१२ मार्च

समितीत तिघं होते. मधले सर फार कमी बोलणारे, सगळे त्यांना घाबरतात.

"म्हणजे तुमच्याकडे निकाल नाही," ते म्हणाले.

"निकाल आहे सर, तो माझा नाही. माझी एक चूक आहे. तिच्यामागे एक प्रश्न निघालाय, तो माझा आहे."

"गट दिसल्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर?"

"तर गट उघडल्यावर शहाऱ्याबद्दल मला तोंडच उघडता आलं नसतं. तो कुठून आला, हे कुणी विचारलंच नसतं."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पंख्याकडे बघत होत्या. मला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर बसून मी भिंतीवरच्या फरशा पाहत होते. कोपऱ्यातली एक उलटी बसवलेली आहे. इतक्या वेळा इथून गेले, कधी दिसली नव्हती.

दार मधल्या सरांनीच उघडलं. "ती जुनी यंत्रं," ते म्हणाले. "दोन वर्षांत होईल का?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

बाबांना फोन केला. "पास?" म्हणाले. हो म्हटल्यावर त्यांचा आवाज लांब गेला, बहुतेक फोन खाली ठेवून आईला हाक मारत होते. मग परत येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, लिफ्टमध्येही असंच असतं. काटा चौथा मजला दाखवतो आणि दार तिसऱ्यावर उघडतं. लोक काट्यावर विश्वास ठेवून पाय टाकतात." आणि मग, हळू, "मला वाटायचं, तुझं काम आपल्याला कधी कळायचं नाही."

२ एप्रिल

आज पहिल्यांदा वॉर्डात गेले. एकाच बाळाला दोन्ही यंत्रं लावायची, जुनं आणि नवं, आणि एकच श्वास दोघांकडून मोजून घ्यायचा.

बाळ माझ्या तळहातापेक्षा थोडंच मोठं आहे. काचेला टेकून त्याची आई बसली होती आणि त्याच्याशी बोलत होती. गोष्ट नाही, गाणं नाही. घरी नळाला पाणी कसं कमी येतं, मामाने पाळणा आणलाय पण तो दारातून आत जात नाही, असलं काहीतरी.

मला राहवलं नाही. मी तिला आमच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. फरक दिसला नाही, हेही सांगितलं. खोटी आशा देणं बरोबर नाही.

"हो का?" ती म्हणाली. "पण बोलले की मला बरं वाटतं हो. नाहीतर मी इथे बसून श्वासच घेत नाही." आणि पुन्हा पाळण्याचं सांगायला लागली.

आम्ही आयांचं काही मोजलंच नव्हतं. मॅडमना विचारायला हवं.

दोन्ही पडदे चालू केले. दोन रेघा बरोबरीने वर-खाली, वर-खाली. इतके दिवस मी या रेघा पाहिल्या, पण आज काचेपलीकडे ती छाती होती. मग नव्या यंत्रावरची रेघ सपाट झाली. जुन्यावरची चालतच राहिली, जणू काही झालंच नाही. मी पडद्यावरून नजर काढून बाळाकडे पाहिलं. छाती हलत नव्हती. खोलीत फक्त त्या बाईचा आवाज होता: मामा म्हणतो दार कापू, पप्पा म्हणतात पाळणा कापू.

आणि छाती उचलली गेली.

मग मीही श्वास घेतला.

खिशात फोन थरथरला. सहा वाजले होते.